हार पचते, संशय पचत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, भारत आणि पाकिस्तान यांच्यात आजवर ५९ कसोटी सामने झाले. त्यांतले १२ पाकिस्तानने जिंकले, ९ भारताने जिंकले आणि तब्बल ३८ अनिर्णित राहिले. म्हणजे दर तीन सामन्यांपैकी जवळजवळ दोन सामन्यांचा निकालच लागला नाही. ज्या लढतीसाठी दोन्ही देशांत रस्ते ओस पडतात, कचेऱ्यांत कुणाचं कामात लक्ष लागत नाही, ती लढत प्रत्यक्ष मैदानावर इतकी सपक का व्हावी? खेळपट्ट्या संथ होत्या, फलंदाजी भक्कम होती, ही कारणं खरी आहेत. पण माझ्या मते या कोड्याचं अर्धं उत्तर मैदानात नाही, मैदानाभोवतीच्या पायऱ्यांवर आहे. आज मला या मालिकांच्या प्रेक्षकांविषयी बोलायचं आहे.

सुरुवातीपासून पाहू. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा कसोटी खेळायला भारतात आला. फाळणीला जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्यांचा कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारताच्या संघातून इंग्लंडला जाऊन आलेला. त्यांचा फिरकी गोलंदाज अमीर इलाही १९४७ मध्ये भारतातर्फे ऑस्ट्रेलियात कसोटी खेळलेला. आपले कर्णधार लाला अमरनाथ यांचं क्रिकेट लाहोरात वाढलेलं. मैदानात उतरलेली माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती. नवखा होता तो प्रेक्षक. कालपर्यंत जो आपला होता, त्याच्याकडे आता प्रतिस्पर्धी म्हणून कसं पाहायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दिल्लीची पहिली कसोटी विनू मंकड यांनी १३ बळी घेऊन एकहाती जिंकून दिली. सगळे खूश. दुसरी कसोटी लखनौला तागाच्या मॅटिंगवर झाली. हजारे, मंकड आणि अधिकारी हे तिघेही त्या सामन्यात नव्हते. फझल महमूदने १२ बळी घेतले, नझर मोहम्मद सलामीला येऊन अखेरपर्यंत नाबाद राहिला आणि पाकिस्तानने डावाने विजय मिळवला. लोक संतापले, आणि तो संताप निघाला तो आपल्याच खेळाडूंवर. पुढे मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर विजय हजारे यांनी नाबाद १४६ आणि पॉली उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या, भारत दहा गडी राखून जिंकला आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. मालिका भारताने २-१ अशी जिंकली. पण लखनौचा धडा दोन्हीकडचे कर्णधार विसरले नाहीत. या लढतीत हरलं तर घरी तोंड दाखवणं कठीण, हे सर्वांना कळून चुकलं.

आता पुढचं पाहा. त्या मालिकेतल्या शेवटच्या दोन कसोट्या अनिर्णित. १९५४-५५ मध्ये भारत पाकिस्तानात गेला, पाचही कसोट्या अनिर्णित. १९६०-६१ मध्ये पाकिस्तान पुन्हा भारतात आला, पुन्हा पाचही अनिर्णित. पुढे १९७८ ची फैसलाबादची कसोटीही अनिर्णित. ओळीने तेरा! कसोटी क्रिकेटची एक गंमत आहे. इथे जिंकणं आणि हरणं यांच्याखेरीज तिसरी वाट असते, आणि घाबरलेला माणूस हमखास त्या तिसऱ्या वाटेने जातो. १९६० च्या कानपूर कसोटीत आपल्या बापू नाडकर्णींनी एका डावात ३२ षटकं टाकली, त्यांतली २४ निर्धाव, धावा दिल्या अवघ्या २३, आणि बळी एकही नाही. बापूंच्या अचूकतेला सलामच केला पाहिजे. पण समोरच्या फलंदाजांनाही धोका पत्करायचा नव्हता, हेही त्या आकड्यांत लिहिलेलं आहे. पराभवाची भीती होती, आणि ती भीती प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वतःच्या प्रेक्षकांची अधिक होती.

ती अनाठायी होती का? अब्बास अली बेगची गोष्ट ऐकली की तसं म्हणवत नाही. हैदराबादच्या या देखण्या फलंदाजाने १९५९ मध्ये मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं होतं, आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. १९६०-६१ च्या मालिकेत पाकिस्तानविरुद्ध पहिल्या तीन कसोट्यांत त्याला धावा जमल्या नाहीत. अपयश कुणाला येत नाही? पण बेग मुसलमान होता, म्हणून त्याच्या निष्ठेवर शंका घेणारी विखारी पत्रं त्याला येऊ लागली. तो संघाबाहेर गेला आणि त्यानंतर भारतातर्फे केवळ दोनच कसोट्या खेळला. खेळाडू बाद झाला की तो चुकला, असं प्रेक्षक एरवी म्हणतो. इथे मात्र त्याने चूक पाहिली नाही, हेतू शोधला. प्रेक्षक बिघडतो तो नेमका या ठिकाणी.

पण हेच लोक वेगळं वागल्याचीही नोंद आहे, आणि तीही त्याच काळातली. १९५५ च्या जानेवारीअखेर लाहोरला कसोटी होती. अमृतसर ते लाहोर हे अंतर पन्नासेक किलोमीटरचं. सामन्यापुरती सीमा सैल करण्यात आली आणि हजारो भारतीय प्रेक्षक वाघ्याच्या नाक्यावरून पलीकडे गेले. साडेसात वर्षांपूर्वी याच रस्त्याने निर्वासितांचे तांडे आले-गेले होते, याच रस्त्यावर माणसं कापली गेली होती. त्याच रस्त्याने आता लोक क्रिकेट पाहायला चालले होते. कुणाला आपली जुनी गल्ली पाहायची होती, कुणाला शेजारी शोधायचा होता. सामना चार दिवसांचा होता, म्हणून हे जमलं. तीन तासांच्या खेळासाठी गेलेला माणूस खेळ संपला की घरी परततो. चार दिवस राहणाऱ्याला मात्र कुठेतरी जेवावं लागतं, झोपावं लागतं, टांगेवाल्याशी बोलावं लागतं. ती कसोटी अनिर्णित राहिली. पण तिला गेलेल्या माणसांच्या लेखी तो वेळ वाया गेला, असं कोण म्हणेल?

श्रोतेहो, मैदानात बसलेला प्रेक्षक हा थोडाच. खरा मोठा समुदाय मैदानाबाहेर असतो, आणि त्या काळी तो तुमच्यासारखाच रेडिओला कान लावून बसलेला असे. १९५४-५५ च्या मालिकेपासून पाकिस्तानात ओमर कुरेशी आणि जमशेद मार्कर या जोडीने धावतं वर्णन घराघरांत नेलं. आपल्याकडे आकाशवाणीवर इंग्रजी आणि हिंदी समालोचन होतंच. आणि महाराष्ट्रात बाळ ज. पंडितांनी मराठीतून खेळ असा काही उभा केला की कधी मैदान न पाहिलेल्या गृहिणीलाही क्षेत्ररचना पाठ झाली. रेडिओवरच्या कसोटीचा एक गुण होता. तिच्यात मोकळा वेळ भरपूर असे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात समालोचकाला काहीतरी बोलावंच लागे, मग तो समोरच्या संघातल्या खेळाडूचं गाव सांगे, त्याची उभं राहण्याची ढब सांगे, त्याचे मोठे भाऊ काय खेळत हे सांगे. हनीफ मोहम्मद मुंबईत १६० धावा करत होता तेव्हा तो आपला शत्रू होता खरा, पण ऐकता ऐकता तो ओळखीचाही होत गेला. ओळखीच्या माणसाचा राग येतो, पण त्याच्याविषयी वाटेल त्या कंड्या खऱ्या वाटत नाहीत.

१९६१ नंतर मात्र ओळख ठेवायला जागाच उरली नाही. १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली आणि दोन देशांत १७ वर्षांहून अधिक काळ कसोटी झाली नाही. १९७८ मध्ये बिशनसिंग बेदीचा संघ पाकिस्तानात गेला तेव्हा दोन्हीकडची एक अख्खी पिढी प्रतिस्पर्ध्याला न पाहताच मोठी झाली होती. झहीर अब्बासने लाहोरला नाबाद २३५ धावा केल्या, सुनील गावसकरने कराचीला दोन्ही डावांत शतकं केली, कपिलदेव नावाचा एक मुलगा फैसलाबादला पहिली कसोटी खेळला. पाकिस्तानने मालिका २-० अशी जिंकली आणि तेरा अनिर्णित सामन्यांची कोंडी फुटली. निकाल लागू लागले, आणि निकालाबरोबर तक्रारीही येऊ लागल्या.

सर्वांत मोठी तक्रार पंचांविषयी. तेव्हा दोन्ही पंच यजमान देशाचे असत. त्यामुळे परक्या भूमीवर आपला फलंदाज पायचीत झाला की घरी बसलेल्या माणसाला पंचांचं बोट दिसायच्या आधी त्यांचं पारपत्र दिसे. पंच प्रामाणिक असले तरी काय उपयोग? संशयाला पुरावा लागत नाही. यावर उपाय निघाला तो याच उपखंडात, हे आपण विसरतो. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये इम्रान खानच्या आग्रहामुळे पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले. व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. पाकिस्तानच्या घरच्या सामन्यात न्याय द्यायला भारताची माणसं बोलावली गेली! पुढे १९८९ मध्ये भारत पाकिस्तानात गेला तेव्हा जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे इंग्लंडचे पंच होते. त्रयस्थ पंच आज सगळ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांची गरज आधी ओळखली ती या भांडखोर शेजाऱ्यांनी.

पंच त्रयस्थ झाले म्हणून प्रेक्षक त्रयस्थ होत नाही. १९८७ साली अहमदाबादला सुनील गावसकरने कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, आणि त्याच सामन्यात सीमारेषेवरच्या पाकिस्तानी क्षेत्ररक्षकांना दगडांच्या भीतीने हेल्मेट घालावं लागलं. १९८९ मध्ये कराचीला सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळत होता, त्या सामन्यात एक माणूस मैदानात घुसला आणि त्याने आपला कर्णधार श्रीकांत याचा शर्ट फाडला. दोन्हीकडे डावं-उजवं करावं असं फारसं काही नाही. त्याच दौऱ्यात संजय मांजरेकरने लाहोरला २१८ धावांची खेळी केली हेही खरं.

आता मी येतो १९९९ वर, कारण या विषयाचं सगळं सार त्या एका वर्षात, किंबहुना तीन आठवड्यांत आहे. पाकिस्तानचा संघ भारतात येणार म्हणून विरोध झाला, दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली, मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयाची नासधूस झाली. दिल्लीची पहिली कसोटी चेन्नईला न्यावी लागली. भारताला जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२ अशी अवस्था झाली. मग पाठीच्या वेदना सहन करत सचिन उभा राहिला, नयन मोंगियाने त्याला साथ दिली. सचिनच्या १३६ धावा झाल्या, विजयाला फक्त १७ धावा हव्या होत्या, आणि सकलेन मुश्ताकच्या गोलंदाजीवर सचिन झेल देऊन परतला. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. पाकिस्तान १२ धावांनी जिंकला.

क्षणभर चेपॉक सुन्न झालं. आणि मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. वासिम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि चेन्नईकरांनी हरलेल्या काळजाने त्यांना मानवंदना दिली. हे आभाळातून पडलं नव्हतं. चेपॉकवर पिढ्यान्‌पिढ्या पोंगलच्या सुमाराला कसोटी पाहायची रीत होती. दोन वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये, एकदिवसीय सामन्यात सईद अन्वरने तिथेच १९४ धावा काढल्या होत्या, तेव्हाही त्यांनी त्याला अशीच दाद दिली होती. प्रेक्षकालाही सराव लागतो.

त्यानंतर दिल्लीला अनिल कुंबळेने एका डावात दहाही बळी घेतले आणि भारत जिंकला. दोन कसोट्यांची मालिका बरोबरीत सुटली. लगेच फेब्रुवारीत आशियाई कसोटी स्पर्धेसाठी हेच दोन संघ कोलकात्याला ईडन गार्डन्सवर समोरासमोर आले. चौथ्या दिवशी सचिन तिसरी धाव पूर्ण करताना शोएब अख्तरला धडकला, तेवढ्यात सीमेजवळून आलेला चेंडू थेट यष्टींवर लागला. तिसऱ्या पंचांनी नियमाप्रमाणे त्याला धावबाद दिलं. लोक भडकले, बाटल्या आल्या, खेळ थांबला. स्वतः सचिन मैदानाला फेरी मारून लोकांना शांत करून आला. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी पोलिसांनी स्टेडियम रिकामं केलं आणि सामन्याचे अखेरचे चेंडू ओस पायऱ्यांपुढे पडले. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकला. तो दिवस होता २० फेब्रुवारी १९९९. त्याच दिवशी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले.

चेन्नईची माणसं सज्जन आणि कोलकात्याची आडदांड, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. कोलकात्याइतकं क्रिकेटवेड आणि जाणकारी थोड्या शहरांत सापडते. फरक दोन पराभवांत होता. चेन्नईला आपण हरलो ते डोळ्यांसमोर, खेळात. सकलेनचा चेंडू, सचिनचा फटका, अक्रमच्या हातातला झेल. दोष द्यायला कुणी नव्हतं. कोलकात्याला लोकांना वाटलं की आपल्याला फसवलं गेलं. ते वाटणं चूक की बरोबर हा मुद्दा वेगळा. हार कितीही कडू असली तरी माणूस ती पचवतो. संशय मात्र पचत नाही. बेगला आलेली पत्रं, पंचांविषयीची कुजबुज आणि ईडनच्या बाटल्या, या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. समोरचा आपल्याशी सरळ खेळत नाही, हा समज. आणि हा समज दूर करण्याचा एकच खात्रीचा उपाय क्रिकेटला सापडला आहे, तो म्हणजे वारंवार आणि भरपूर वेळ एकमेकांना पाहणं.

याचा पुरावा पुढच्या काही वर्षांनी दिला. कारगिलचं युद्ध मध्ये येऊन गेलं होतं. तरी २००४ मध्ये भारत पाकिस्तानात गेला. मुलतानला वीरेंद्र सेहवागने ३०९ धावा काढल्या, भारताने पाकिस्तानच्या भूमीवर पहिली कसोटी आणि मग रावळपिंडीला राहुल द्रविडच्या २७० धावांच्या जोरावर पहिली मालिका जिंकली. एकदिवसीय सामन्यांना तुडुंब भरलेली मैदानं कसोट्यांना बरीच मोकळी होती, हे कबूल केलं पाहिजे. पण हजारो भारतीय तिकडे गेले होते, आणि लाहोरचे दुकानदार व रिक्षावाले त्यांच्याकडून पैसे घेत नव्हते, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. लक्ष्मीपती बालाजी हा आपला हसतमुख गोलंदाज तर तिकडच्या प्रेक्षकांचा लाडका झाला. सचिन १९४ वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला, त्यावर इकडे चहाच्या टपऱ्यांवर महिनाभर वाद झाले. त्या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती, पाकिस्तानचं नावही नव्हतं!

२००५ च्या मार्चमध्ये परतभेट झाली. मोहालीच्या कसोटीसाठी पाकिस्तानी प्रेक्षक मोठ्या संख्येने वाघा ओलांडून आले. हॉटेलं भरून गेली, तेव्हा चंदीगड-मोहालीच्या लोकांनी आपली घरं उघडली. ज्या संघाने हरावं म्हणून दिवसभर घसा कोरडा करायचा, त्याच्या पाठीराख्याला रात्री आग्रहाने वाढायचं. सामन्यात भारत जिंकणार असं दिसत होतं, पण कामरान अकमलने शतक ठोकलं, अब्दुल रझाक चिवटपणे उभा राहिला आणि कसोटी वाचली. पन्नास वर्षांपूर्वीच्या अनिर्णित सामन्यांत आणि या अनिर्णित सामन्यात केवढा फरक! तेव्हा दोघांनाही हरायचं नव्हतं. इथे एक जिंकायला झटला आणि दुसऱ्याने त्याला झगडून रोखलं.

२००७ च्या अखेरीला पाकिस्तानचा संघ पुन्हा आला. कोलकात्याला मुंबईच्या वासिम जाफरने २०२ धावा केल्या, बंगळूरला सौरव गांगुलीने २३९. भारताने मालिका १-० अशी जिंकली. बंगळूरची ती डिसेंबरमधली कसोटी ही या दोन देशांतली आजवरची शेवटची कसोटी. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतर मैत्रीचे खेळ मांडणं अवघड झालं, आणि त्या जखमेची खोली मुंबईकरांना कुणी समजावून सांगायला नको. खेळायचं की नाही हा निर्णय सरकारं घेतात, त्यामागे कारणं असतात, आणि ती हलकी नाहीत. मी इथे त्याची वकिली करायला आलेलो नाही. काय हरवलं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

सामने तर होतच राहिले. विश्वचषकात, आशिया चषकात, कधी मँचेस्टरला, कधी दुबईला, कधी न्यूयॉर्कला. २०२२ मध्ये मेलबर्नला नव्वद हजारांहून अधिक लोक जमले. पण हे सगळे काही तासांचे खेळ. त्यांत समोरचा फलंदाज ओळखीचा होण्याआधीच बाद होतो. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादला पाकिस्तानचे पाठीराखे जवळजवळ नव्हतेच, कारण त्यांना व्हिसा मिळाले नाहीत. २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरचा संघर्ष झाला, आणि त्या सप्टेंबरात दुबईला सामना संपल्यावर खेळाडूंनी हस्तांदोलनही केलं नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मुंबईने भारत-पाकिस्तान कसोटी शेवटची पाहिली ती १९७९ साली वानखेडेवर, आणि नागपूरने १९८३ मध्ये. या राज्यातल्या चाळिशीच्या आतल्या कुणीही असा सामना आपल्या मैदानावर पाहिलेला नाही.

१९६१ ते १९७८ हा खंड आपल्याला फार मोठा वाटत होता. आताचा त्याहूनही लांबला आहे. २००७ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज तिशीच्या घरात आहे. त्याला हे दोन संघ फक्त जिंकण्या-हरण्यापुरते ठाऊक आहेत. चौथ्या दिवशी दुपारी, सामना कुठेच जात नसताना, परक्या फलंदाजाने टोलवलेला एखादा सुंदर चौकार पाहून नकळत वाजलेली टाळी त्याला ठाऊक नाही. ती टाळी फुकट मिळत नाही. तिला पाच दिवस लागतात, आणि त्या पाच दिवसांमागे बऱ्याच वर्षांचा शेजार लागतो.